जहाजा, कुठं आहेस तू?

परवा अणशीचा घाट उतरत होतो. बेळगावहून पहाटे निघालो होतो, कारवारला धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला. गाडी हे चालवत होते आणि लेक पुढच्या सीटवर मोबाईल घेऊन वाट दाखवायच्या कामावर. घाटात झाडी दाट झाली तसा मोबाईलमधला निळा ठिपका बिथरला. कधी डावीकडे रानात, कधी उजवीकडे दरीत. खाली कद्र्याजवळ आलो तेव्हा तर तो चक्क काळी नदीच्या पाण्यात जाऊन बसला. "बाबा, आपण बुडालो!" लेक हसत म्हणाली. हे काही बोलले नाहीत. समोरचा रस्ता बघत गाडी चालवत राहिले.

संध्याकाळी बहिणीच्या अंगणात चहा घेताना लेकीनं ही गंमत चिक्कप्पांना सांगितली. चिक्कप्पा म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. मूळचे अंकोल्याचे, घरात कन्नड, बाजारात कोकणी आणि माझ्याशी मराठी. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून सेकंड ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. जहाजावर नकाशे आणि दिशा-ठिकाणाची यंत्रं यांची जबाबदारी याच अधिकाऱ्याकडे असते. लेकीचं ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं,

"मोबाईल खोटं बोलतोय हे तुला कसं कळलं?"

"रस्ता दिसत होता की समोर, चिक्कप्पा!"

"हौदा? आणि रस्ता दिसला नसता तर? किंवा असं समज, गाडी चालवायला बाबाच नसते, मोबाईलच गाडी चालवत असता तर?"

लेक गप्प झाली. मी मात्र मनात दचकले, कारण ज्या विषयासाठी मी खरं तर कारवार गाठलं होतं तो विषय त्यांनी आपणहून काढला होता.

घरातला तंटा

सांगते. लेक यंदा बारावी झाली. तिला इंजिनिअरिंग नको, मेडिकल नको. तिला नॉटिकल सायन्स शिकून जहाजावर अधिकारी व्हायचंय. लहानपणापासून चिक्कप्पांच्या गोष्टी ऐकल्याचा हा परिणाम. आमच्या बेळगावात मुलगा पलटणीत गेला तर कुणी भुवया उंचावत नाही, पण मुलगी जहाजावर? सासूबाईंनी तर दोन दिवस अबोला धरला. २०२१ च्या एका जागतिक अहवालाप्रमाणे जगातल्या जवळपास १९ लाख खलाशी-अधिकाऱ्यांत स्त्रिया जेमतेम सव्वा टक्का. पण माझी भीती वेगळीच होती. वर्तमानपत्रात मी सारखं वाचत होते की आता माणसांशिवाय चालणारी जहाजं येणार. म्हणजे तीन-चार वर्षं शिकून, घरच्यांशी भांडून ही पोर जहाजाच्या शिडीपाशी पोचायची, आणि वर कुणी नकोच असायचं! जगाला खलाशी पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत आपला भारत आहे. हा प्रश्न तेव्हा माझ्या एकटीच्या घरचा नाही.

म्हणून मी चिक्कप्पांना सरळ विचारलं, "माणसाशिवाय जहाज चालणार असेल तर तुमच्या त्या ब्रिजवर माझ्या लेकीनं करायचं काय?"

"अक्का," ते म्हणाले, "आधी माणूस तिथं काय करतो ते समजून घ्या. मग तो गेल्यावर काय काय आणून बसवावं लागेल ते कळेल."

आणि मग चार दिवस, टागोर बीचवर फिरताना, मासळी साफ करताना, रात्री वीज गेल्यावर ओसरीवर, माझी आणि लेकीची शिकवणी सुरू झाली. त्यातलं जे समजलं ते, आणि घरी आल्यावर मी स्वतः वाचून पडताळलं ते, इथं मांडते आहे.

दोनच प्रश्न

चिक्कप्पांच्या मते ब्रिजवरचा, म्हणजे जहाजाच्या सुकाणू-खोलीतला माणूस चोवीस तास दोनच प्रश्नांची उत्तरं शोधत असतो. एक, मी कुठं आहे? दोन, माझ्या भोवती कोण आहे? पहिल्याचं उत्तर चुकलं तर जहाज खडकावर जातं, दुसऱ्याचं चुकलं तर दुसऱ्या जहाजावर.

समुद्रावरच्या रहदारीचे नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून जगभर लागू झाले. त्यातला पाचवा नियम पहाऱ्याचा. प्रत्येक जहाजानं सदासर्वकाळ नजरेनं आणि कानानं, शिवाय हाताशी असेल त्या प्रत्येक साधनानं नीट पहारा ठेवला पाहिजे, असं तो सांगतो. नजरेनं आणि कानानं! नियम लिहिणाऱ्यांनी माणूस गृहीतच धरला होता. माणूस उतरला की हा डोळा आणि हा कान यंत्राला द्यावा लागतो. आज जगभर जे संशोधन चाललं आहे त्याचं मूळ या एका ओळीत आहे म्हणा ना.

सुकाणू हातात धरणारा माणूस तर केव्हाच कमी झाला. जहाज आपोआप ठरल्या दिशेनं ठेवणारी यंत्रं शंभर वर्षांपूर्वीच आली. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्यानं सुकाणू धरणारे खलाशी काय करतात ते बारकाईनं पाहिलं. चांगला सुकाणी जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही. किती वेळ भरकटतंय आणि भरकटणं वाढतंय की कमी होतंय हेही तो बघतो. मिनोर्स्कीनं या तीन गोष्टी गणितात मांडल्या. आज कारखान्यांतल्या भट्ट्यांपासून विमानांपर्यंत कितीतरी यंत्रं याच गणितावर चालतात. म्हणजे यंत्राचा गुरू एक खलाशीच!

"पण सुकाणू धरणं हे हाताचं काम," चिक्कप्पा म्हणाले. "ते यंत्राला पटकन जमलं. शंका घेणं हे डोक्याचं काम. घोडं तिथंच अडलंय."

शंका न घेतल्याची गोष्ट

शंका म्हणजे काय हे सांगायला त्यांनी १९९५ सालची एक घटना सांगितली. 'रॉयल मॅजेस्टी' नावाचं प्रवासी जहाज बर्म्युडाहून अमेरिकेतल्या बॉस्टनला निघालं होतं. जहाजावर १५०९ माणसं. बंदर सोडून तास होतो न होतो तोच जीपीएसच्या अँटेनाची वायर सुटली. आता उपग्रहाचं काही ऐकू येईना. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, कुणीतरी धावलं असतं. पण ते बंद पडलं नाही. शेवटचं ठिकाण, वेग आणि दिशा धरून ते अंदाजानं पुढचं ठिकाण दाखवत राहिलं. पडद्यावर तशी दोन बारीक अक्षरं उमटली होती, ती कुणी पाहिली नाहीत. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू बाजूला ढकलत होते, त्याचा हिशेब त्या अंदाजात नव्हता. सुकाणूचं स्वयंचलित यंत्र मात्र आलेला आकडा खरा मानून इमानेइतबारे जहाज हाकत राहिलं. जवळपास ३४ तासांनी, १० जून १९९५ च्या रात्री, जहाज नॅन्टकेट बेटाजवळच्या उथळ वाळूवर चढून रुतलं. ठरल्या वाटेपासून १७ मैल दूर.

नशीब, कुणी दगावलं नाही. पण पुढची चौकशी वाचताना अंगावर काटा येतो. पाण्याची खोली मोजणारं यंत्र होतं, पण त्याची धोक्याची घंटा शून्यावर लावलेली. दुसरी जागा-शोधक यंत्रणा होती, तिच्याशी आकडे ताडून पाहिले नाहीत. पहाऱ्यावरच्या खलाशांना नको तिथं दिवे आणि पुढं पांढरं फेसाळ पाणी दिसलं, त्यांनी तसं सांगितलं, पण पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं!

"नोडु, मगळे," चिक्कप्पा लेकीला म्हणाले, "माणूस होता, पण शंका नव्हती. म्हणून नुसता माणूस असून भागत नाही. आणि माणूसच काढून टाकायचा असेल तर शंका यंत्रातच घालावी लागते."

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. मी समजत होते की माणसाशिवाय जहाज म्हणजे जास्त अचूक यंत्र. चिक्कप्पा सांगत होते की नुसती अचूकता पुरत नाही. आपलं उत्तर किती भरवशाचं आहे हे यंत्राला स्वतःला कळलं पाहिजे आणि भरवसा नसेल तर तसं वेळेवर सांगता आलं पाहिजे. 'मला माहीत नाही' हे वाक्य यंत्राला शिकवायचं आहे. माणसालासुद्धा ते किती उशिरा जमतं!

मी कुठं आहे?

आता पहिला प्रश्न. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह 'माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले' असं सांगत असतो. चार उपग्रहांचे संकेत आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र ठिकाण काढतं. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तरी अंतरात ३०० मीटरची चूक पडते. आणि एवढ्या लांबून आलेला संकेत इतका क्षीण असतो की लहानशा यंत्रानंही तो दाबून टाकता येतो. त्याहून वाईट म्हणजे खोटा संकेत पाठवून जहाजाला फसवता येतं.

हे पुस्तकातलं भय नाही. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रात, मालकाच्या परवानगीनं, एका मोठ्या खासगी नौकेला खोट्या संकेतांनी वाटेवरून वळवून दाखवलं. नौकेवर धोक्याची घंटा वाजलीच नाही. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्क बंदराजवळ किमान २० जहाजांच्या यंत्रांनी, जहाजं पाण्यात असताना, ती जमिनीवरच्या एका विमानतळावर असल्याचं दाखवलं. आमचा निळा ठिपका नदीत गेला होता, त्यांचा पाण्यातून विमानतळावर! मे २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ 'एमएससी अँटोनिया' हे कंटेनर जहाज उथळ जागी रुतलं, त्यामागंही उपग्रहाच्या संकेतांत कुणी तरी ढवळाढवळ केल्याचा संशय आहे.

मग उपाय काय? आपल्याकडे लग्न जुळवताना जे करतात तेच, एकाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, चार ठिकाणी चौकशी करायची. नव्या यंत्रणा अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू यांचेही संकेत घेतात. गॅलिलिओनं २०२५ मध्ये आपल्या संकेतांवर एक प्रकारची खरेपणाची मोहोर उमटवायला सुरुवात केली, म्हणजे तोतया ओळखता यावा. काही अँटेना संकेत कुठल्या दिशेनं येतोय हेही बघतात. खरे उपग्रह आकाशात विखुरलेले असतात. सगळेच संकेत एकाच दिशेनं यायला लागले की समजायचं, कुणीतरी जवळ बसून सोंग करतंय.

यात आपल्या कर्नाटकाचाही वाटा आहे बरं का! भारताची स्वतःची 'नाविक' ही उपग्रह यंत्रणा भारत आणि भोवतालच्या सुमारे १५०० किलोमीटरच्या टापूसाठी आखली आहे. तिच्या उपग्रहांचं नियंत्रण हासनहून होतं आणि तिचं मुख्य केंद्र बंगळूरजवळ ब्यालाळूला आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाजांसाठी तिला मान्यता दिली. वाट मात्र सोपी नाही. जुन्या उपग्रहांतली काही अणुघड्याळं निकामी झाली. २०२३ मध्ये स्वदेशी घड्याळ असलेला नवा उपग्रह गेला, पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला त्याच्या पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही.

आणि आकाशातलं सगळंच गप्प झालं तर? तेव्हा जहाजानं स्वतःच्या पोटातल्या यंत्रांवर चालायचं. प्रकाशाच्या साह्यानं वळण मोजणारे जायरो आणि वेगातला सूक्ष्म बदल टिपणारी यंत्रं जहाज किती वळलं, किती सरकलं याचा हिशेब ठेवतात. डोळे मिटून आपल्याच घरात स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं ना, तसं. पण वेळ जाईल तशी त्यात चूक साठत जाते. पाण्याखाली तर उपग्रहाचा संकेत पोचतच नाही. गोव्याच्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 'माया' नावाचं पाण्याखाली स्वतःहून फिरणारं छोटं यान तयार झालं आहे. अशा यानांना पाण्यात हिशेबावरच चालावं लागतं आणि ठिकाणाची खात्री करायला वर यावं लागतं. म्हणून आता जहाजाचा रडार किनाऱ्याची आकृती नकाशाशी जुळवून बघतो, खोली मोजणारं यंत्र तळाची खोली नकाशाशी ताडून बघतं. कुणाचं उत्तर वेगळं आलं तर शंका घ्यायची.

"आम्ही हेच करत होतो," चिक्कप्पा म्हणाले. समोर काळोखात ऑयस्टर रॉकच्या बेटावरचं दीपगृह लुकलुकत होतं. "यंत्रानं काहीही सांगू दे, मी बाहेर जाऊन हा दिवा बघायचो. दिवा खोटं बोलत नाही."

भोवती कोण आहे?

दुसरा प्रश्न त्याहून कठीण. इथं लागतात डोळे आणि कान.

सगळ्यात जुना डोळा रडारचा. तो रात्री, धुक्यात, लांबवर बघतो. पण आपल्या पावसाळ्यातली मुसळधार सर आली की तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा रडार पावसालाच अडखळतो. दहा सेंटिमीटरवाला पावसातून जास्त चांगलं बघतो, पण बारीक वस्तू त्याला तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. शिवाय खवळलेल्या लाटा पडद्यावर ठिपके उठवतात आणि त्या गर्दीत लाकडी होडी हरवून जाते.

दुसरी सोय म्हणजे एआयएस. मोठी जहाजं रेडिओवरून आपलं नाव, ठिकाण, वेग सतत सांगत असतात, वर्गात हजेरी द्यावी तशी. पण ही हजेरी ज्यानं दिली त्याचीच लागते. लहान होड्यांकडे हे यंत्र नसतंच. शिवाय ते यंत्रही ठिकाण उपग्रहाकडूनच घेतं, म्हणजे जीपीएस फसला की हजेरीही खोटी.

मग कॅमेरे आले. दिवसा उत्तम, रात्री आंधळे. उष्णता ओळखणारे कॅमेरे रात्री माणसाचं अंग, इंजिनाची ऊब टिपतात, पण दाट धुक्यात त्यांचीही नजर कमी पडते. लायडर नावाचं यंत्र लेझर किरण फेकून अंतर मोजतं. धक्क्याला लागताना ते फार उपयोगी, पण लांबचं नाही आणि धुकं-पावसात कमजोर. कानाच्या जागी मायक्रोफोन, ते दुसऱ्या जहाजाचा भोंगा कुठून आला हे ओळखतात.

म्हणजे यातलं एकही यंत्र एकटं पुरेसं नाही. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. म्हणून संगणक सगळ्यांची साक्ष एकत्र करतो. रडार म्हणतो काहीतरी आहे, एआयएस म्हणतो कुणीही नाही, उष्णतेचा कॅमेरा म्हणतो ऊब आहे. मग ती बिनयंत्राची मासेमारी होडी असणार. अशी निकालपत्रं संगणकाला क्षणाक्षणाला लिहावी लागतात. आणि ओळखायला शिकवायचं तर लाखो चित्रं दाखवावी लागतात. इथं लेकीनं मला आवडलेला प्रश्न विचारला. "चिक्कप्पा, चित्रं कुठली? नॉर्वेतल्या समुद्रात शिकलेल्या कॅमेऱ्याला आपल्या कारवारची होडी कळेल?"

चिक्कप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "हा प्रश्न विचारणारं कुणीतरी तिथं पाहिजे. म्हणूनच तू जा."

प्रत्यक्षात काय झालं?

हे सगळं कागदावरच आहे असं समजू नका. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडमध्ये 'फाल्को' ही गाड्या वाहणारी ५३.८ मीटर लांबीची फेरीबोट ८० पाहुण्यांना घेऊन स्वतःहून पलीकडं गेली आणि धक्क्यालाही लागली. परतताना तिला सुमारे ५० किलोमीटरवरच्या तुर्कू शहरात बसलेल्या कप्तानानं चालवलं. नॉर्वेत 'यारा बिर्केलँड' हे ८० मीटरचं, १२० कंटेनर नेणारं विजेवरचं जहाज २०२२ पासून खताचा माल वाहू लागलं. रडार, लायडर, साधे आणि उष्णतेचे कॅमेरे, एआयएस सगळं त्यावर आहे. तरी सुरुवात माणसं ठेवूनच केली. जपानमध्ये जानेवारी २०२२ मध्ये 'सोलेई' ही २२२ मीटरची मोठी फेरी सुमारे २४० किलोमीटर आपोआप चालवून पाहिली. त्याच वर्षी 'प्रिझम करेज' हे गॅसवाहू जहाज अमेरिकेतल्या टेक्सासहून पनामामार्गे दक्षिण कोरियाला गेलं, त्यातला निम्मा प्रवास संगणकानं वाट ठरवत केला. माणसं अर्थात वर होतीच.

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर २०२४ मध्ये सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीनं नौदलाच्या साह्यानं केलेली 'मातंगी' ही स्वयंचलित नौका मुंबईहून तुतिकोरिनला निघाली. सुमारे १५०० किलोमीटरची वाट. कोकण, गोवा, कारवार, मंगळूर हे आपलेच किनारे या वाटेवर लागतात.

यशाइतकीच एक फजितीही सांगायला हवी. २०२१ मध्ये 'मेफ्लॉवर' नावाची १५ मीटरची माणसाविना चालणारी नौका इंग्लंडहून अटलांटिक ओलांडायला निघाली. तिचे कॅमेरे आणि संगणक शाबूत होते, पण एक लहानसा यांत्रिक भाग तुटला आणि तिला परत यावं लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा निघाली, पुन्हा यांत्रिक अडचणी, वाटेत बेटावर थांबावं लागलं, शेवटी जून २०२२ मध्ये पलीकडे पोचली. बघायला डोळे होते, पण पाना फिरवायला हात नव्हता.

तो चार मिनिटांचा हिशेब

शेवटच्या रात्री मी चिक्कप्पांना अडचणीत टाकायचं ठरवलं. म्हटलं, "एवढं सगळं यंत्राला जमलं, तर मग माणूस कशाला?"

त्यांनी बाल्टिमोरचं नाव घेतलं. २६ मार्च २०२४ ची पहाट. 'डाली' हे प्रचंड कंटेनर जहाज बंदरातून बाहेर पडत होतं. जहाजावरचे बहुतेक लोक आपले भारतीय. अचानक वीज गेली, आली, परत गेली. जहाज कुठं आहे हे ठाऊक होतं, पूल समोर दिसत होता. पण सुकाणूच चालेना. काही मिनिटांत जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. पुढं चौकशीत कारण निघालं एक सैल राहिलेली वायर.

"त्या चार मिनिटांत जहाजावरून धोक्याचा निरोप गेला," चिक्कप्पा म्हणाले. "पोलिसांनी पुलावरची वाहतूक थांबवली. नाहीतर किती गाड्या पाण्यात गेल्या असत्या कोण जाणे. आता यंत्रानं हा निरोप पाठवला असता का? पाठवताही येईल. पण अक्का, वीजच गेलेल्या जहाजावर तो पाठवायचा कुणी? आणि एरवीही, आता आपल्या हातात काही राहिलं नाही, दुसऱ्यांना वाचवा, हे कधी म्हणायचं ते यंत्राला आधी कुणीतरी माणसानंच शिकवावं लागेल ना?"

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं स्वायत्त जहाजांचे चार टप्पे मानले आहेत. माणसाला मदत करणारं यंत्र, माणसं वर असून दुरून चालणारं जहाज, माणसाविना दुरून चालणारं जहाज आणि सगळे निर्णय स्वतः घेणारं जहाज. त्यांच्यासाठीची नियमावली आधी ऐच्छिक आणि पुढं २०३२ पासून बंधनकारक करायची असा तिचा आराखडा आहे. पण कप्तान हे पद त्यात काढून टाकलेलं नाही. फार तर तो किनाऱ्यावर बसेल. जबाबदारी मात्र माणसाचीच.

मला वाटलं होतं की लेकीची नोकरी यंत्र खाणार. आता वाटतं, काही नोकऱ्या जातील, हे खोटं नाही. नुसत्या पहाऱ्याच्या, नुसत्या सुकाणूच्या जातील. पण पडद्यावर सगळं ठीक दिसत असताना 'थांबा, हे मला पटत नाही' असं म्हणणारं माणूस जहाजावर असो की किनाऱ्यावर, लागणारच. आणि तो गुण आमच्या घरी जरा जास्तच आहे, हे सासूबाईही मान्य करतील!

परतीच्या वाटेवर

परतताना घाटात निळा ठिपका पुन्हा बिथरला. या वेळी लेकीनं मोबाईल बंद करून डॅशबोर्डवर ठेवला आणि काच खाली करून बाहेर बघत बसली. "बाबा, पुढं डावीकडे वळण आहे, समोरून लॉरी येतेय, हॉर्न ऐकू आला." हे हसले. हॉर्न मला ऐकूच आला नव्हता.

जोयड्याच्या पुढं रेंज आली आणि माझा फोन वाजला. सासूबाई. त्यांचं माहेर गोकाकचं, काळजी वाटली की त्यांच्या तोंडी कन्नड येतं. "एल्लिद्दी?" कुठं आहेस?

मी काही बोलायच्या आत लेकीनं फोन घेतला. "रामनगर यायचंय अजून, आज्जी. तीन तासांत पोचतो. आणि ऐक, मी फॉर्म भरणार आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आज्जी म्हणाली, "भर. पण जाशील तिथून रोज फोन करायचा. कुठं आहेस ते तूच सांगायचं. त्या यंत्रावर माझा विश्वास नाही."